चौथा कोंड

“सर, ह्या पिंपात मेखा घालायच्या नव्हत्या,” मी म्हणाले.

विसपुते सरांनी वर बघितलंसुद्धा नाही. मी सकाळी नीट भरलेलं निळं पिंप त्यांनी खडकावर रिकामं केलं होतं आणि आता स्वतःच्या मनाप्रमाणे परत भरत होते. तळाला कड्यात ठोकायच्या लोखंडी मेखांची जड पिशवी, तिच्यावर हातोडा, दोर अडकवायच्या कॅराबिनर कड्यांचा जुडगा, आणि सगळ्यात वर दोन कॅमेरे, भिंगं, फिल्मची रिळं.

“तळाला वजन असलं की पिंप सरळ उभं राहतं,” ते म्हणाले.

“उभं राहील हो, पण पाण्याच्या वर किती राहील? फक्त कॅमेरे आणि रिळं न्यायची म्हणून मी हे लहान पिंप घेतलं. मेखांची पिशवी वेगळी, दोरीला बांधून न्यायची, बुडली तरी ओढून घेता येते, असं ठरलं होतं ना आपलं?”

“आणि खाली दगडात अडकली तर? मग पुढचे कडे काय तुझ्या ओढणीला धरून उतरायचे?”

हेमंत हसला. हेमंत म्हणजे माझा नवरा. चौथा माणूस होता बाळू गांगुर्डे. तो पाण्याच्या कडेला दोर मोकळा करत होता. तो मात्र हसला नाही.

आम्ही चौघं सातकोंडीच्या नाळेत होतो. घाटमाथ्यावरून कोकणात कोसळणारी ही अरुंद घळ. दोन्ही बाजूंना सरळ तुटलेले काळे कडे, मधून ओढा, आणि ओढ्यात एकाखाली एक सात खोल डोह. त्या डोहांना तिकडे कोंड म्हणतात. पावसाळ्यात तिथं कुणी पाय ठेवू शकत नाही. डिसेंबरात धार बारीक होते, पण कोंड भरलेलेच असतात, आणि त्यांना वळसा घालून जायला जागाच नाही. दोरानं कडा उतरायचा, कोंड पोहून जायचा, परत कडा उतरायचा. नाळेतून माथ्यापासून तळापर्यंत कुणी गेल्याची तोवर नोंद नव्हती. पुण्याची एक संस्था त्याच तयारीत आहे असं कानावर आलं होतं, म्हणून आमच्या नाशिकच्या संस्थेचे अध्यक्ष विसपुते सर घाईला आले होते. ते शाळेत व्यायामशिक्षक होते, आणि शाळेच्या मैदानावरचा आवाज ते घरीदारी सगळीकडे घेऊन फिरायचे.

सामानाचं काम माझ्याकडे कसं आलं तेही सांगते. तयारीच्या बैठकीत पुढे कोण जाणार, दोर कोण बांधणार, फोटो कोण काढणार हे सगळं ठरून झालं, आणि मग सर म्हणाले, “सामानाचं वहिनी बघतील.” वहिनी म्हणजे मी. मी हेमंतच्या कितीतरी आधीपासून संस्थेत होते. त्याला कमरेला दोराची गाठ बांधायला मी शिकवलं होतं. तोवर मी चारू होते. लग्न झालं आणि चारचौघांत त्याच लोकांची मी वहिनी झाले, जणू हेमंतच्या मागून चहाचा ट्रे घेऊन आले होते.

पण काम अंगावर पडलं ते मी मनापासून केलं. माझं माहेर सटाण्याकडचं. पाठीला रिकामा डबा बांधून मी आमच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकले. त्याच विहिरीत मी सॅका टाकून बघितल्या. प्रत्येक सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी, पिशवीचं तोंड पिळून, दुमडून, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळलेलं. सुरुवातीला सगळ्यांना वाटायचं की सामान दाबून दाबून, हवा काढून भरावं. अशी सॅक दगडासारखी तळाला जाते. हवा ठेवावी लागते. सॅकच्या टोपाखाली बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन ठेवला की ती तोंड वर करून तरंगते, नाहीतर उलटी होते आणि पट्ट्यांतून पाणी पिते. दोराच्या पिशवीतही कॅन लागतो. हे सगळं मी पाण्यात उतरून शोधून काढलं. हेमंत विहिरीवरच्या थारोळ्याच्या कठड्यावर बसून “आता बुडेल बघ, आता बुडेल,” करत होता. पाण्यात ये म्हटलं तर म्हणाला, “सर्दी झालीय मला.”

सरांनी पिंप असं परत भरलं त्याआधी पहिले तीन कोंड आम्ही कसलीही अडचण न येता पार केले होते. ते लहान होते, दोन हात मारले की पलीकडे. हेमंत तिन्ही वेळा सॅकांच्या माळेला धरून गेला. चार सॅका एका दोरात ओवलेल्या, पुढे गांगुर्डे ओढतोय, मागे हेमंत लटकलेला. मला वाटलं, माळ सरळ ठेवतोय.

चौथा कोंड वेगळा होता. लांबच लांब, काळं पाणी, आणि मध्यावर घळ वळलेली, त्यामुळे पलीकडचा काठ दिसत नव्हता. कडे इतके जवळ आले होते की काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. पण त्या भिंती शेवाळानं बुळबुळीत, धरायला बोटभर खाच नाही. ऊन तिथं पोचतच नसावं. पाण्यात पाय घातला की पोटऱ्या आखडायच्या.

“गांगुर्डे सॅका घेऊन पुढे जाईल,” सर म्हणाले. “मग पिंप. मग चारू. मी शेवटी, दोर सोडवून येतो.”

“पिंप माझ्याकडे द्या,” मी म्हणाले. “ते आता जड झालंय. त्याच्यावर भार टाकून चालणार नाही, नुसतं बोटांनी ढकलत न्यावं लागेल.”

“पिंपात आपली अख्खी मोहीम आहे. ते हेमंत नेईल. काय कापडणीस?”

“नेतो की सर,” हेमंत म्हणाला.

“तुला जमेल ना?” मी हळूच विचारलं. “कोंड मोठा आहे.”

“अगं, नाशिकचा आहे मी. रामकुंडात पुरात उड्या मारल्यात लहानपणी.”

गांगुर्डे सॅकांची माळ ओढत वळणाआड गेला. थोड्या वेळानं त्याची शिट्टी आली, म्हणजे पोचला. सरांनी पिंप पाण्यात सोडलं. ते बुडालं नाही एवढंच. झाकणाची कड आणि वर चार बोटं निळा रंग, बाकी सगळं पाण्याखाली. हेमंतनं दोन्ही हातांनी झाकण धरलं आणि पाय मारत निघाला. मी त्याच्या मागे थोडं अंतर ठेवून उतरले.

वळणाच्या जरा अलीकडे त्याचे पाय थांबले. खालून गार पाण्याचा पट्टा लागला असेल, किंवा खाली काही नाही हे एकदम जाणवलं असेल. त्यानं पिंपावर छाती टाकली. पिंप गपकन खाली गेलं, त्याच्या हातातून निसटून बाजूला उसळलं, आणि हेमंतचं डोकं पाण्याखाली गेलं.

तो वर आला तेव्हा त्याचे डोळे मी पाहिले. ते डोळे पोहणाऱ्या माणसाचे नव्हते.

मी जवळ पोचले तशी त्यानं माझ्या गळ्याला मिठी मारली. आम्ही दोघं खाली गेलो. विहिरीत शिकताना माझ्या काकांनी एक गोष्ट बजावली होती, बुडणाऱ्यानं धरलं तर वर नाही, आणखी खाली जायचं, मग तो सोडतो. मी खाली गेले. त्यानं सोडलं. मी मागून त्याची कॉलर पकडून त्याला वर ढकललं, पण तो हात आपटत परत माझ्याकडेच वळत होता. तेवढ्यात त्याची बोटं पुन्हा पिंपाच्या कडीत अडकली आणि पिंप त्याच्याबरोबर डुबायला लागलं.

“पिंप सोड!” मागून सर ओरडले. घळीत तो आवाज दोन्ही भिंतींवर आपटत आला. “अरे पिंप सोड, बुडवशील ते! चारू, पिंप घे त्याच्याकडून! आधी पिंप घे!”

मला आजही तो आवाज ऐकू येतो आणि आजही माझ्या हाताच्या मुठी वळतात. माणूस जातोय, आणि हा गृहस्थ म्हणतोय, आधी पिंप घे.

मी पिंप घेतलं. जिथं घळ सगळ्यात अरुंद होती तिथं पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला रोवले, पिंप पोटावर ओढलं आणि झाकणाच्या कडीचा खटका वर केला.

“उघडू नकोस! चारू! त्यात रिळं आहेत!”

हेमंत पुन्हा खाली गेला होता. पाण्यावर नुसता त्याचा हात दिसत होता. लोखंड सगळ्यात तळाला, कॅमेरे वर. एकेक वस्तू निवडत बसायला तो काही भाजीबाजार नव्हता. मी पिंप उलटं केलं. कॅमेरे, भिंगं, रिळं, हातोडा, मेखा, सगळं एकदम धबाधब पाण्यात गेलं. झाकण दाबलं, खटका बसवला. आता ते पिंप पाण्यावर फुलासारखं हललं. मी ते हेमंतच्या हाताखाली ढकललं, त्याचं डोकं केसांनी धरून वर काढलं, आणि त्याला म्हटलं, “पोटाशी धर. काही करू नकोस. नुसतं धर.”

त्यानं धरलं. मी मागून पाय मारत त्याला ढकलत नेलं. वळणापलीकडे काठाजवळ गांगुर्डे छातीभर पाण्यात येऊन उभा होता. त्यानं हेमंतला काखेत धरून खडकावर घेतलं, पालथं घातलं. हेमंत पाणी ओकत होता आणि लहान पोरासारखा हुंदके देत होता.

विसपुते सर पोहत आले. काठावर चढले. तोंडावरचं पाणी पुसलं आणि पहिला शब्द बोलले तो असा:

“रिळं?”

गांगुर्डे म्हणाला, “सर, हा बघा आधी.”

“बघतोय. रिळं कुठायत?”

गांगुर्डेनं नंतर कोंडात दोनदा बुडी मारली. तळ लागला नाही. पुढचे कडे आम्ही मोठ्या दगडांना दोर वेढून उतरलो, पुढचे कोंड हेमंत त्या रिकाम्या पिंपाला मिठी मारून पार करत राहिला. सर खालच्या गावात पोचेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांच्याशी.

परतीच्या एसटीत हेमंत आणि मी मागच्या बाकावर होतो. सर पुढे ड्रायव्हरच्या मागे, गांगुर्डे झोपलेला. हेमंतनं माझा हात धरला.

“चारू,” तो म्हणाला, “मला पोहता येत नाही गं.”

“कळलं ते मला.”

“अजिबात येत नाही. रामकुंडाच्या पायरीपलीकडे कधी गेलो नाही मी.”

“मग सांगितलं का नाहीस? मी वेगळी व्यवस्था केली असती. नुसता माळेला धरून गेला असतास सगळ्या कोंडांतून.”

“कसं सांगणार? सगळे धरूनच चालले होते की येतं.” त्यानं डोळे पुसले. “तू नसतीस तर मी आज घरी आलो नसतो.”

मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. मला राग आला नव्हता. माणूस भीतीनं खोटं बोलतो, त्यात काय मोठं, असं मला वाटलं. मी कुणाला सांगणार नव्हते.

आठवड्याभरानं संस्थेची बैठक बोलावली. आमचं कार्यालय एका तालमीच्या माडीवर होतं. खाली पोरं जोर मारत असायची, त्यांच्या दमाचे आवाज वर यायचे. त्या दिवशी माडी भरली होती. खरं तर सत्काराची तयारी होती, पण रिळंच नाहीत म्हटल्यावर नाळ उतरलो हे दाखवणार कसं? पुण्याची संस्था म्हणाली असती, पुरावा आणा. कॅमेरे तर एका स्टुडिओवाल्याकडून मागून आणलेले.

सर उभे राहिले. “झालं ते वाईट झालं,” ते म्हणाले. “दोष कुणाला द्यायचा नाही. पण वस्तुस्थिती सांगायला हवी. चौथ्या कोंडात कापडणीसांना जरा दम लागला. सौ. कापडणीस घाबरल्या. बायकोचं मन, मी समजू शकतो. आणि त्या भरात त्यांनी पिंप उघडून मोहिमेची सगळी नोंद पाण्यात टाकली.”

आता मी सौ. कापडणीस झाले होते.

“मी घाबरले नव्हते,” मी उभी राहिले. “हेमंत बुडत होता. पिंप जड केलं होतं तुम्ही. मी नको म्हणत असताना.”

“पिंप तरंगत होतं की नव्हतं?”

“पिंप तरंगत होतं. माणूस बुडत होता.”

कुणीतरी मागे हसलं. सरांनी हात वर करून त्याला गप्प केलं, फार थोरपणा दाखवल्यासारखा. “आपण प्रत्यक्ष त्यांनाच विचारू. कापडणीस, तुम्ही बुडत होतात का?”

मी हेमंतकडे बघितलं. तो माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होता. त्यानं टेबलाकडे बघत घसा साफ केला.

“बुडत असं नाही सर. पोटरीत गोळा आला होता. आलो असतो मी.”

“पोहता येतं ना तुम्हाला?”

“येतं ना. नाशिकचा आहे मी.”

सगळे हसले. ह्या वेळी सरांनी कुणाला गप्प केलं नाही.

“हेमंत,” मी म्हणाले, “एसटीत काय सांगितलंस मला?”

“काय?”

“पोहता येत नाही म्हणालास. अजिबात येत नाही म्हणालास.”

“काहीतरीच काय बोलतेस,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मग सरांना म्हणाला, “तिनं धसका घेतलाय सर. अजून झोपेत दचकते.”

गांगुर्डे भिंतीला टेकून उभा होता. “मी ह्याला पाण्यातून ओढलाय,” तो म्हणाला. “पोटात पाणी होतं ह्याच्या. चारूताई नसती तर आज आपण वेगळ्याच कारणासाठी जमलो असतो.”

“तू वळणाच्या पलीकडे होतास गांगुर्डे,” सर म्हणाले. “तू काही पाहिलं नाहीस. बसून घे.”

मग त्यांनी ठराव मांडला. यापुढे पाण्यातल्या मोहिमांवर महिला सभासदांना नेऊ नये, त्यांच्याच सुरक्षिततेसाठी. अनुमोदनही तयारच होतं, आधी सांगून ठेवल्यासारखं. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावा.

हात वर व्हायला लागले. पुढच्या रांगेत, मग मागे. ज्यांच्या कमरेच्या गाठी मी तपासल्या होत्या, ज्यांच्या सॅकांना मी पट्ट्या शिवून दिल्या होत्या, त्यांचे हात. मी एकेकाचं तोंड बघत होते. गांगुर्डेनं हात छातीशी घट्ट बांधून घेतले होते.

आणि मग माझ्या शेजारची खुर्ची करकरली. हेमंतचा हात आधी खांद्यापर्यंत आला, तिथं क्षणभर थांबला. सरांनी त्याच्याकडे बघितलं. हात पूर्ण वर गेला.

कोंडात पाण्यावर दिसत होता तो हाच हात.

मी तिथून उठून घरी आले. माझ्यामागोमाग हेमंत आला, दार लावलं आणि भडकला. होय, तो भडकला!

“चार माणसांत नवऱ्याची लाज काढायची होती का तुला?”

“मी तुझी लाज नाही काढली, हेमंत. मी तुला काढलं. पाण्यातून.”

“झालं ना ते! वाचलो ना मी? आता किती दिवस ऐकवणार आहेस?”

“मी कधी ऐकवलं? मी आज पहिल्यांदा तोंड उघडलं. आणि तू माझ्याविरुद्ध हात वर केलास.”

“तो ठराव तसाही झालाच असता. माझ्या एका हातानं काय फरक पडणार होता?”

त्याला खरंच कळत नव्हतं. म्हणजे तसं दाखवत होता, की खरंच कळत नव्हतं, हे मला कधीच ठरवता आलं नाही. मी पानं वाढली नाहीत. त्याचं त्यानं वाढून घेतलं आणि भांडी आपटत जेवला.

मी संस्थेचा राजीनामा दिला, गांगुर्डेनंही दिला. पुढच्या जानेवारीत कॉलेजच्या दोन मुलींना बरोबर घेऊन आम्ही सातकोंडी परत उतरलो. मेखांची पिशवी वेगळ्या दोरीला बांधून नेली. फोटो स्वच्छ आले. पेपरात छापूनही आले, नाळ पहिल्यांदा उतरणारे म्हणून. विसपुते सरांनी पेपरला खुलासा पाठवला, तो छापला नाही कुणी.

ते फोटो छापून आले त्यानंतरची गोष्ट. रविवार होता, मी गॅलरीत दोर वाळत घालत होते. हेमंत बराच वेळ दारात उभा होता. मग आत-बाहेर बघून, शेजारी कुणी नाही ना याची खात्री करून म्हणाला, “चारू, एक विचारू?”

“विचार.”

“सर मार्चमधे परत जातायत नाळेत. तेव्हा पाणी कमी असेल. मलाही ये म्हणालेत.” त्यानं आवाज खाली आणला. “मला पोहायला शिकवशील?”

मी हातातला दोर खाली ठेवला.

“तुमच्या मळ्यातल्या विहिरीवर जाऊ,” तो घाईघाईनं म्हणाला. “कुणी नसेल तेव्हा. नाशकात कुणाला कळायला नको.”

“शिकवीन,” मी म्हणाले. “जरूर शिकवीन. फक्त एक कर. आधी तालमीच्या माडीवर जा. सगळे असतील तेव्हा जा. आणि सांग, मला पोहता येत नाही.”

“चारू…”

“बाकी काही सांगू नकोस. माझं नाव घेऊ नकोस, माफी मागू नकोस, ठराव मागे घ्या म्हणू नकोस. एवढंच वाक्य. मला पोहता येत नाही. तिथून सरळ विहिरीवर जाऊ आपण.”

त्यानं नकारार्थी मान हलवली. “तेवढं सोडून काहीही सांग.”

“तेवढंच सांगतेय.”

चपला घालून तो खाली गेला. मला वाटलं विचार करायला गेला असेल. तो भाजी घेऊन आला, मेथीची जुडी माझ्यापुढे ठेवली आणि क्रिकेटचं काहीतरी बोलायला लागला.

मार्चमधे तो नाळेत गेला नाही. ऑफिसात सुट्टी मिळाली नाही, असं त्यानं सरांना कळवलं.

आम्ही अजून एकाच घरात राहतो. मुलगी मोठी झाली, तिला मी विहिरीत टाकून शिकवलं, आता ती समुद्रात जाते. गांगुर्डेच्या नातवंडांनाही मीच शिकवलं. गावात, शहरात, ज्यानं म्हणून येऊन मला सांगितलं की मला पोहता येत नाही, त्या प्रत्येकाला मी शिकवलं.

हेमंतला अजून पोहता येत नाही.